चांगुणाबायच्या होडीचा एल्बो

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं आणि त्या गावात मुकिंदा नावाचा एक भोळा खलाशी होता. त्याला सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करी. गावात दुसरं कुणीच तसं करत नसल्यामुळे तो लांबूनही ओळखू येई.

तो चांगुणा नाखविणीच्या होडीवर कामाला होता. नारळी पुनव झाली होती. उद्या सगळ्या होड्या मोसमात पहिल्यांदा दर्यात जायच्या होत्या. आणि चांगुणाबायच्या इंजिनाचा एल्बो गंजून बसला होता. एल्बो म्हणजे इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत आणणाऱ्या नळीचा वाकडा तुकडा. तो बदलल्याशिवाय होडी हलणार नव्हती. खलाशी तर तोंडावरच म्हणाले होते, "बाय, उद्या तुझी होडी चालली नाय, तर आम्ही धर्मा नाखव्याच्या होडीवर जाणार."

"मुकिंदा, उस्मान मिस्त्री येईपर्यंत तेवढा एल्बो सोडवून ठेव," बाय म्हणाली.

मुकिंदाने पाना लावला. पान्याच्या दांड्यात लांब पाइप घातला आणि त्या पाइपावर स्वतः उभा राहिला. एल्बो निघाला. अर्धा.

मिस्त्री आला आणि त्याने कपाळावर हात मारला. "अरे, गंजलेल्या वस्तूशी कुस्ती खेळायची नसते! तेल सोडायचं आणि गप बसायचं."

"बरं, चाचा."

मिस्त्री नवा एल्बो आणायला निघाला. "पाणी आत येईल. नळीचा खालचा कॉक, ती तोटी, फिरवून बंद कर," एवढं बजावून गेला.

कॉकही गंजलेला होता. मुकिंदाने त्यावर तेल सोडलं आणि गप बसला. तुटक्या एल्बोतून समुद्र आत येऊ लागला. तो कशाला गप बसतो?

मिस्त्री परतला तेव्हा मुकिंदा छातीएवढ्या पाण्यात बसला होता.

"कधीपासून येतंय हे पाणी?"

मुकिंदा गप्प.

"अरे, बोल की!"

"बोलू? मग गप कोण बसणार?"

मिस्त्रीने खांद्यावरचा फडका भोकात कोंबला. "होडीत पाणी येताना दिसलं की हाताला लागेल ते कोंबायचं आणि भोक बुजवायचं! समजलं?"

"समजलं, चाचा."

सगळ्यांनी मिळून पाणी उपसलं. मिस्त्रीने उरलेला तुकडा तापवला, ठोकला, गोड बोलून बाहेर काढला. आट्यांवर सुतळी गुंडाळून, सफेदा लावून नवा एल्बो बसवला. इंजिन चालू झालं. इंजिन थंड करून आलेल्या पाण्याची धार होडीच्या कुशीतून बाहेर पडू लागली. चांगुणाबायने दर्याला हात जोडले.

मुकिंदाने पाणी येताना पाहिलं. हाताला बायचं उद्यासाठी काढलेलं नवं लुगडं लागलं.

थोड्याच वेळात इंजिन धूर ओकू लागलं. मिस्त्रीने धावत जाऊन ते बंद केलं आणि नऊवारी लुगडं वितावितानं बाहेर ओढलं. "अरे गाढवा, ते पाणी बाहेर जातंय! बाहेर जातंय ते जाऊ द्यायचं! जातंय तोवर सगळं ठीक! उद्या फक्त त्याच्यावर नजर ठेव. दुसरं काही करू नकोस."

"बरं, चाचा."

दुसऱ्या दिवशी चांगुणाबायची होडी सगळ्यांच्या आधी निघाली. धर्मा नाखव्याची मागे पडली. खलाशी खूश होते. मच्छीमार संस्थेचे चेअरमनही मानाने होडीवर चढले होते. "या इंजिनासाठी संस्थेने जे केलं..." त्यांनी भाषण सुरू केलं. संस्थेने काय केलं ते आठवेना, म्हणून ते जरा थांबले.

तेवढ्यात बायने विचारलं, "मुकिंदा, धार चालू आहे ना रे?"

"एक काय, दोन आहेत!"

"ऐकलंत?" चेअरमन म्हणाले. "आधीच्या चेअरमनच्या काळात एकच होती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या धारेला रंग होता, वासही होता. मुकिंदा तिच्याकडे कौतुकाने बघत राहिला.

भर दर्यात इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. बाय खाली धावली. डिझेलच्या नळीचा सांधा सुटला होता. सगळं डिझेल तळात उतरलं होतं आणि इंजिनाबरोबर चालणाऱ्या, तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाने ते इमानदारीने समुद्रात फेकलं होतं.

"मेल्या, तुला दिसलं नाय?"

"दिसलं की. पहिल्या थेंबापासून. बाहेर जातंय ते जाऊ दिलं."

धर्मा नाखव्याची होडी जवळ आली. सगळ्यात आधी चेअरमन तिच्यावर गेले आणि उरलेलं भाषण तिथून करू लागले. मग एकेक खलाशी आपलं बोचकं उचलून निघाला. बाय कुणाची बाही धरत होती, कुणाला आईची शपथ घालत होती. मुकिंदा मात्र काठाशी उभा राहून प्रत्येकाला हात देत होता, बोचकं पोचवत होता, "पाय जपून" म्हणत होता.

"अरे, अडव त्यांना!" बाय किंचाळली.

शेवटच्या खलाशाला नीट पलीकडे चढवून मुकिंदा वळला. त्याने हात झटकले.

"बाय, आता काही काळजी नाय. सगळे गेले."