गुंज आणि सूर्यछाप रुपया

फार जुनी गोष्ट. नदीच्या दोन तीरांवर दोन राज्यं होती आणि नावेच्या घाटावर नागूशेट सराफ दोन्हीकडची नाणी बदलून देई. त्याच्या तराजूच्या डबीत वजनाची एक लाल गुंज राहायची.

एकदा अलीकडच्या राज्याचा सूर्यछाप रुपया तोऱ्यात म्हणाला, "माझ्या बदल्यात पलीकडचे दोन नांगरछाप काढा. आजोबांपासून तुमच्या फळ्यावर हाच भाव आहे!"

नागूशेट निमूट दोन नाणी काढू लागला. गुंजेला राहवेना.

"शेट, आधी एकच घाला आणि तोला."

एका पारड्यात नांगरछाप, दुसऱ्यात सूर्यछाप. सूर्यछाप चक्क वर गेला. गुंज टुणकन त्याच्या शेजारी जाऊन बसली, तेव्हा कुठे काटा सरळ झाला.

"आमचा राजा दरसाल नाण्यातली थोडी चांदी काढून घेतो," रुपया पुटपुटला. "त्यात माझा काय दोष?"

"दोष नाही. पण भाव स्वतःचा सांगा, आजोबांचा नको."

नागूशेट घाबरला. "अगं, गप्प बस! राजाचा छाप आहे त्याच्यावर."

"असेल. मी रानातल्या वेलीवर पिकले, शेट. माझ्यावर कुणाचाच छाप नाही," गुंज म्हणाली आणि पारड्यातून हलली नाही.

नागूशेटनं ओलं फडकं घेतलं आणि फळ्यावरचा जुना भाव पुसला.