रामगंगेची झारी

एक होता कालवा.
कालव्यात होती एक होडी. जुनी होडी. कुठेही न जाणारी.
होडीच्या टपावर होती एक झारी. पाण्याची, पत्र्याची. झारीवर लाल कमळं. झारीवर निळे मासे.

त्या कालव्यावर सगळे होडीवाले झाऱ्या रंगवून घेतात. म्हणजे घाटावर आपली झारी कोणती ते कळतं. भांडण होत नाही. झालं तरी थोडं कमी होतं.

पण या झारीत पाणी नव्हतं.
झारीत होतं गवत. गवतावर होता कापूस. कापसावर होती रामगंगा.

रामगंगा म्हणजे पक्षी. नाव केवढं मोठं! पक्षी केवढासा! गाल पांढरे. डोकं काळं. पोटावर एक काळी पट्टी, टाय लावल्यासारखी. बघावं तेव्हा ऑफिसला निघाल्यासारखी दिसायची.

आज मात्र तिला कुठेच जायचं नव्हतं. आज तिच्या पोटात अंडं होतं. संध्याकाळच्या आत घालायचं होतं.
"आणखी चोचभर कापूस आणते," रामगंगा म्हणाली. "मग आरामात घालीन."

फुर्र फुर्र गेली. फुर्र फुर्र आली.
आणि बघते तर काय? होडी आहे. टप आहे. झारी नाही!

"झारी गेली, घर गेलं,
अंडं घालू कुठं?"

इतक्यात तिला झारी दिसली. कालव्याच्या काठानं झारीकाका चालले होते. त्यांच्या बगलेत झारी!

झारीकाकांचं खरं नाव वामनराव. पण ते रंगीत झाऱ्या जमवायचे, म्हणून झारीकाका. घरात एक मोठं काचेचं कपाट. कपाटात झाऱ्याच झाऱ्या. मोराची झारी. पोपटाची झारी. सूर्यफुलाची झारी. कपाटावर पाटी: हात लावू नये.
आणि काका स्वतः पाणी कशातून प्यायचे? प्लास्टिकच्या बाटलीतून.

काका वाईट नव्हते. रोज झाऱ्या पुसायचे. झाऱ्यांशी गप्पा मारायचे. झाऱ्या उलट बोलत नसत, ते त्यांना फार आवडायचं.

फुर्र फुर्र फुर्र. खिडकीवर टक टक टक.
"कोण आहे?"
"मी रामगंगा. काका, काका, माझी झारी द्या.

झारी गेली, घर गेलं,
अंडं घालू कुठं?"

"अरेरे!" काका म्हणाले. "मला वाटलं, होडी टाकलेली, झारी कोणाचीच नाही. आत नुसता कचरा. उद्या धुणार होतो."
"तो कचरा नाही. ती माझी गादी आहे!"
"असेल गं बाई. पण आता ती झारी कपाटात बसली. काढली तर जागा रिकामी दिसेल. रिकामी जागा मला बघवत नाही. तू दुसरी रंगीत झारी आण. मग तुझी देतो."

फुर्र फुर्र फुर्र. रामगंगा गेली घाटावर, गोदूमावशीकडे. सगळ्यांच्या झाऱ्या गोदूमावशीच रंगवायची.
टक टक टक.

"मावशी, मावशी, झारी रंगव.
झारी रंगली की काका माझी झारी देतील.
माझी झारी मिळाली की मी अंडं घालीन."

"अरेरे, माझे बाय!" मावशी म्हणाली. "झारी आहे. पांढऱ्या रंगाचा पहिला हात देऊन वाळत ठेवलीय. रंगही आहे. पण हा कुंचला बघ."
रामगंगेनं बघितला. कुंचल्याला टक्कल पडलं होतं.
"यानं रंगवलं तर कमळाचा कोबी होईल," मावशी म्हणाली. "खारीच्या शेपटीचे केस आण. मग रंगवते."

फुर्र फुर्र फुर्र. रामगंगा गेली खारीकडे. खार बसली होती भिंतीवर.
टक टक टक.

"खारूताई, खारूताई, केस दे.
केस मिळाले की मावशी झारी रंगवेल.
झारी रंगली की काका माझी झारी देतील.
माझी झारी मिळाली की मी अंडं घालीन."

"केस? माझ्या शेपटीचे?" खारीनं शेपटी पाठीमागे लपवली. लपली नाही. शेपटी खारीपेक्षा मोठी होती.
"अरेरे, देईन गं," खार म्हणाली. "पण सकाळपासून पोटात काही नाही. उपाशीपोटी केस उपटून घ्यायचे म्हणजे जास्त दुखतं. एक जांभूळ आण. मग देते."

फुर्र फुर्र फुर्र. रामगंगा गेली जांभळीकडे. जांभळी उभी होती चढावर, उन्हात. पानं सगळी खाली लोंबलेली.
टक टक टक.

"जांभळीबाई, जांभळीबाई, जांभूळ दे.
जांभूळ मिळालं की खार केस देईल.
केस मिळाले की मावशी झारी रंगवेल.
झारी रंगली की काका माझी झारी देतील.
माझी झारी मिळाली की मी अंडं घालीन."

"अरेरे, बाळा!" जांभळी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "वर बघ. सगळी जांभळं वाळली. एकच उरलंय. तेही आज गळून जाईल. मला पाणी आण. मग ते पिकेल, मग देते."
"आणते," रामगंगा म्हणाली. "नक्की आणते."

फुर्र फुर्र गेली कालव्यावर. चोचीत पाणी घेतलं. फुर्र फुर्र आली. जांभळीवर शिंपडलं.
"एक पान ओलं झालं," जांभळी म्हणाली. "बाकीची बघतायत."

फुर्र फुर्र फुर्र. रामगंगा परत गेली कालव्याकडे. या वेळी काठावर बसली. पाण्यावर चोच आपटली. टक टक टक नाही झालं. डुबुक डुबुक डुबुक झालं.

"कालवेदादा, कालवेदादा, पाणी दे.
पाणी मिळालं की जांभळी जांभूळ देईल.
जांभूळ मिळालं की खार केस देईल.
केस मिळाले की मावशी झारी रंगवेल.
झारी रंगली की काका माझी झारी देतील.
माझी झारी मिळाली की मी अंडं घालीन."

"अरेरे! घे की पाणी," कालवा म्हणाला. "हवं तेवढं घे. पण मी चढ चढत नाही हं. आमच्यात फक्त उतरायचं असतं. वर घेऊन जाणारं कोणी आण."

फुर्र फुर्र फुर्र. लांब नाही जावं लागलं. कालव्यातच म्हैस डुंबत होती. वर दोन शिंगं. खाली एक नाक. बाकी सगळी पाण्यात.
शिंगावर टक टक टक.

"म्हैसआक्का, म्हैसआक्का, पाणी ने.
पाणी नेलं की जांभळीला पाणी मिळेल.
पाणी मिळालं की जांभळी जांभूळ देईल.
जांभूळ मिळालं की खार केस देईल.
केस मिळाले की मावशी झारी रंगवेल.
झारी रंगली की काका माझी झारी देतील.
माझी झारी मिळाली की मी अंडं घालीन."

म्हशीनं एक डोळा उघडला.
"अरेरे! केवढी धावपळ ही," म्हैस म्हणाली. "ऐकूनच दमले. बरं, नेते. पण पाणी न्यायचं कशात? शिंगात मावत नाही. एक झारी आण. शिंगाला अडकव. मग नेते."

झारी!
रामगंगेनं इकडे बघितलं. होड्या सकाळीच गेल्या होत्या, आपापल्या झाऱ्या घेऊन.
रामगंगेनं तिकडे बघितलं. मावशीची झारी अजून ओली होती.
बाकीच्या झाऱ्या कुठे होत्या? काकांच्या कपाटात. काचेमागे.

सावल्या लांब झाल्या. पोटातलं अंडं जड झालं. आता फुर्र फुर्र फुर्र होईना. फुर्र... फुर्र... असं झालं.
खिडकीवर टक. टक.

"काका, काका, एक झारी द्या.
झारी मिळाली की म्हैस पाणी नेईल.
पाणी नेलं की जांभळीला पाणी मिळेल.
पाणी मिळालं की जांभळी जांभूळ देईल.
जांभूळ मिळालं की खार केस देईल.
केस मिळाले की मावशी झारी रंगवेल.
झारी रंगली की काका माझी झारी देतील.
माझी झारी मिळाली की मी अंडं घालीन."

"थांब, थांब," काका म्हणाले. "यातले काका म्हणजे कोण?"
"तुम्ही."
"म्हणजे मी झारी दिली, की मग मी झारी देणार?"
"हो."
"आणि मी झारी दिली नाही, तर मी झारी देणार नाही?"
"हो. तुम्हीच ठरवलंत ना?"

काकांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. गोष्ट तशीच होती.
"हा काका फार मूर्ख माणूस दिसतो," काका म्हणाले.
"तसा बरा आहे," रामगंगा म्हणाली.

काकांनी कपाट उघडलं. कर्रर्र! कमळांची झारी काढली.
"घे गं तुझी झारी. आत्ता घे."

रामगंगेनं झारीत डोकावून बघितलं. गवत होतं. कापूस होता. मऊ मऊ गादी होती. एक उडी मारली की झालं.
पण तिनं उडी मारली नाही.
"आणि जांभळी?" ती म्हणाली.
"जांभळीचं काय?"
"तिचं शेवटचं जांभूळ गळेल. मी पाणी आणते म्हणाले होते."
"आणि तुझं अंडं?"
"थांबेल," रामगंगा म्हणाली. "थोडंसं थांबेल."

 काकांनी कमळांची झारी बगलेत धरली. मग कपाटातून मोराची झारी काढली. त्यांची सगळ्यांत लाडकी.
"चल," काका म्हणाले. "पळ!"

पुढे रामगंगा, फुर्र... फुर्र... मागे काका, फटक फटक फटक. चप्पल एक पायात, एक वाटेत.

काकांनी मोराची झारी कालव्यात बुडवली. कालव्यानं पाणी दिलं. डुब डुब डुब!
झारी शिंगाला अडकवली.
"सांभाळून हं," काका म्हणाले. "मी कधी म्हशीवर विश्वास ठेवलेला नाही."
"मीसुद्धा काकांवर," म्हैस म्हणाली.
म्हशीनं पाणी नेलं. धप धप धप!
जांभळीला पाणी मिळालं. घट घट घट!
जांभळीनं जांभूळ दिलं. टप्प!
खारीनं जांभूळ खाल्लं. मच मच मच!
खारीनं केस दिले. टुक, आई गं! टुक, आई गं!
मावशीनं कुंचला बांधला. मावशीनं झारी रंगवली. सर्र सर्र सर्र!
कमळ उमललं. कोबी नाही झाला.

"झालं!" काका म्हणाले. "चला आता होडीकडे."
"काका," रामगंगा म्हणाली.
"काय गं?"
"होडी लांब आहे."
"मग?"
"हलू नका."

आणि रामगंगा टुपकन झारीत शिरली. काकांच्या हातातल्या.

काका थांबले. तिथेच, घाटावर, भर पायरीवर. झारी दोन्ही हातांनी धरली. एक पाय वर, एक पाय खाली.
खार गप्प. म्हैस गप्प. कालवासुद्धा हळू वाहू लागला.

काकांच्या नाकावर माशी बसली. काका हलले नाहीत.
माशी उठली, कानावर बसली. काका हलले नाहीत.

"वामनराव," मावशी म्हणाली, "ही घ्या तुमची नवी झारी. कपाटात ठेवा."
"श्श!" काका कुजबुजले. "आत्ता मीच कपाट आहे."
"मग हिचं काय करू?"
"जांभळीखाली ठेव, पाणी भरून. तिला उद्याही तहान लागेल."

ऊन खाली उतरलं. काकांचे हात दुखू लागले. पाय दुखू लागले. काका हलले नाहीत.

आणि मग झारी जराशी जड झाली.
किती जड? एका अंड्याएवढी.
काकांना बरोबर कळलं.

"घातलं?" काकांनी अगदी हळू विचारलं.
झारीतून काळं डोकं वर आलं. पांढरे गाल वर आले.
"घातलं!" रामगंगा म्हणाली.

मग काका निघाले. हळू... हळू... इतके हळू, की वाटेत एक गोगलगाय पुढे निघून गेली. होडीच्या टपावर त्यांनी झारी ठेवली. वारा लागू नये म्हणून दोन बाजूंनी दोन दगड लावले.

"आता घरी जा, काका," आतून आवाज आला. "मला झोप येतेय. उद्या दुसरं अंडं घालायचंय."
काका निघाले. थोडं पुढे गेले. मग परत आले. झारीपाशी वाकले.
"उद्या धरायला येऊ का?"

झारी होडीवर, अंडं झारीत,
आणि गोष्ट तुमच्या कानात.