चुंबक आणि कोरडे तांदूळ

"चोर ओळखून द्याल का, महाराज?"

केवलभारती महाराज शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चोरीला काय गेलं?"

"थंडी."

महाराजांचा हात थांबला.

विचारणारे होते डॉक्टर दिगंबर खरात. औषधपाण्याचे डॉक्टर नव्हेत, पदार्थविज्ञानाचे. लोहचुंबकावर चालणारा फ्रीज ते बनवत होते. त्यात गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही, आणि वीजही कमी लागणार. काम मोठं होतं यात शंका नाही. शंका त्यांना बाकी सगळ्याची होती. मठाच्या दारात बूट काढले, ते हातात घेऊनच आत आले.

खाली चिंचेच्या सावलीत जीप उभी होती, आणि जीपशेजारी त्यांची विद्यार्थिनी वृषाली तोडकर. डोंगरातली वळणं घेत जीप तिनंच चालवत आणली होती. गाडी थांबताच सरांनी किल्ली काढून स्वतःच्या किल्ल्यांच्या कड्यात अडकवली. तिचा मोबाइलही मागून घेतला.

"तीच ती," डॉक्टर हळूच म्हणाले. "आमचं यंत्र पाण्याचा बर्फ करत होतं. आता साधं पाणी गार होत नाही. आतला धातू बदललाय. खरा तिनं एका कंपनीला विकला."

"पाहिलंस?"

"त्या कंपनीतल्या माणसाशी ती फोनवर हसून बोलत होती."

"हसून…"

"उद्या समिती बसणार आहे. मी तिचं नाव संशोधनातून काढणार. तिची डॉक्टरेट गेली, पुढची नोकरी गेली. पण त्याआधी…"

"त्याआधी खातरी पायजे."

"हो."

"आन् न्हाई पटली तर?"

"पटलीच पाहिजे."

महाराजांनी एक शेंग फोडली. दाणे किडके निघाले. ते त्यांनी चिमणीकडे टाकले.

"कसला धातू रं?"

डॉक्टरांनी मागं वळून पाहिलं. मग आतल्या खिशातून रुमालाची गाठ काढली. गाठीत राखाडी रंगाचा एक तुकडा होता, आणि एक जड चुंबक.

"हा माझ्या घरच्या तिजोरीतला. ओठांना लावा."

महाराजांनी तुकडा ओठांना लावला. डॉक्टरांनी चुंबक जवळ आणलं.

"तापला की!"

"चुंबक जवळ आलं की आतले कण एका रांगेत उभे राहतात. वर्गात मास्तर आल्यावर पोरं राहतात तसे. तेव्हा धातू तापतो. ती ऊब पाणी वाहून नेतं. मग चुंबक दूर न्यायचं. कण मोकळे होतात, आणि धातू पहिल्यापेक्षाही गार पडतो. सगळी थंडी चुंबक दूर गेल्यावरची."

त्यांनी चुंबक मागं घेतलं. महाराज डोळे मिटून राहिले.

"निवला," ते म्हणाले. "आन् यंत्रातला तुकडा?"

"तो यंत्राच्या पेटीत आहे. पेटीला मी कडी बसवून कुलूप घातलंय."

"कवा?"

"संशय आला त्याच दिवशी. आणि दुसऱ्या दिवसापासून थंडी बंद! म्हणजे तिनं आधीच हात मारला होता."

महाराजांनी तुकडा परत दिला.

डॉक्टर घुटमळले. पुढचं बोलणं त्यांना जड जात होतं. शास्त्रज्ञ माणूस, पण संशयापुढे शास्त्राचं काही चालेना.

"आमच्या गावी… तुमच्या मठातून मंतरलेले तांदूळ न्यायचे. ज्याच्यावर संशय त्याला चावायला द्यायचे. चोराचे कोरडे निघायचे."

"बोलाव तिला."

वृषाली वर आली. महाराजांनी चिमूटभर तांदूळ तिच्या हातावर ठेवले. ती चावू लागली. डॉक्टर तिच्यापुढं उभे राहून तिच्या तोंडाकडे एकटक पाहत होते.

तिनं पळसाच्या पानावर तांदूळ थुंकले. कोरडा भुगा!

"पाहिलंत? खाई त्याला खवखवे!" डॉक्टर ओरडले.

वृषालीचे डोळे भरून आले.

"पाहिलं," महाराज म्हणाले. "आता झऱ्यावरनं घागर भरून आण."

"मी?"

"ती चोर म्हणतोस. चोराच्या हातचं पानी मी कसं पिऊ?"

डॉक्टरांनी धातूचा तुकडा खिशात टाकला, चुंबक टाकलं, बूट चढवले आणि घागर उचलली. दोनदा मागं वळून पाहिलं. मग वळणाआड गेले.

चिमणी किडके दाणे टिपत होती.

महाराजांनी दुसरी चिमूट पुढं केली. "आता चाव, बाई."

तिनं चावले. दुसऱ्या पानावर थुंकले. ओला गोळा पडला.

"घशात काय अडकलंय?"

वृषालीनं श्वास सोडला. "सरांनी स्वतःच कडी ठोकली, महाराज. तिचा बोल्ट पेटीत दोन बोटं आत आलाय, फटीतून दिसतो. चुंबक मागं सरकताना त्याला अडतं. ते पुरतं दूर जातच नाही."

"मग सांगायचं न्हाई?"

"सांगायला गेले की विचारतात, तू पेटीजवळ गेलीसच कशाला?"

महाराज हसले. मग हसू विरलं.

डॉक्टर धापा टाकत आले. घागर टेकवताच त्यांची नजर दुसऱ्या पानावर गेली.

"हे कुणाचे?"

"तिचेच."

"शक्य नाही! मी नसताना तुम्ही दोघांनी बदललेत."

आता संशयाच्या यादीत महाराजही आले. महाराजांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी तिसरी चिमूट घेतली.

"मग तू चाव."

"मी कशाला?"

"चाव की."

डॉक्टर चावू लागले. दोघं त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. बराच वेळ गेला… थुंकले तेव्हा पानावर कोरडा चुरा पडला. चार दाणे तर जिभेलाच चिकटून राहिले.

"खोटा आहे तुमचा मंत्र!"

"मंतर घातलाच न्हाई रं. भ्यालेल्याचं तोंड कोरडं पडतं."

डॉक्टर घागरीतलं पाणी ओंजळीनं प्यायले.

"मग माझी थंडी गेली कुठं?" त्यांचा आवाज बसला होता.

महाराजांनी वृषालीकडे पाहिलं.

"सर, कडीचा बोल्ट आत आलाय. चुंबक त्याला अडतं."

"पण तू पेटीजवळ…"

वाक्य तिथंच राहिलं. कडी त्यांनी दार लावून, स्वतःच्या हातानं बसवली होती. बोल्ट लांब आहे हे तेव्हाच दिसलं होतं. पण तेव्हा त्यांना फक्त चोर दिसत होता.

ते पायरीवर बसले. त्यांना लाज वाटली, आणि ती लपवता आली नाही.

"उद्या समितीला सांगतो," ते म्हणाले. "तिचं नाव राहील. चोरी झालीच नव्हती."

वृषालीनं ओढणीची कड मुठीत घट्ट धरली होती. मूठ सुटली.

"लगेच निघतो, महाराज. आजच बोल्ट काढून टाकतो. हिला शेजारी उभी करतो, माझ्या डोळ्यांसमोर. आणि नवी कडी जरा आखूड बोल्टाची…"

महाराजांनी हात वर केला.



"किल्ली तिला दे."

डॉक्टरांनी खिशातून कडं काढलं. त्यात दोन किल्ल्या होत्या. त्यांनी दोन्हींकडे पाहिलं, मग महाराजांकडे.

"कुठली, महाराज? गाडीची की पेटीची?"

महाराजांनी शेंगांचं सूप पुन्हा पुढं ओढलं.

"दोन्ही. तू चालत जा."