कोणत्याच कामाला न जोडलेले तास

व्यवसायांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका कंपनीत प्रणालींची रचना करणारे केळशीकर नावाचे एक वयोवृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या हाताखाली शर्वाणी शिकत होती. कर्मचाऱ्याच्या टाइमशीटमधला, म्हणजे तासांच्या नोंदपत्रकातला, प्रत्येक तास प्रोजेक्टमधल्या कोणत्या ना कोणत्या कामाला जोडला जावा, अशी प्रणाली रचण्याची जबाबदारी तिच्यावर आली. तिने ती चोख पार पाडली. कामाचे नाव निवडल्याखेरीज तास नोंदवताच येत नसे.

रचना पाहून केळशीकरांनी एवढेच विचारले, की एखाद्याचा तास यादीतल्या कुठल्याच कामाचा नसेल तर त्याने काय करावे.

"सर, असा तास म्हणजे वाया गेलेलाच ना?" शर्वाणी म्हणाली.

ग्राहकांना देण्याआधी कंपनीने ती प्रणाली स्वतःच वापरायला घेतली. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना युक्ती सापडली. जेवणानंतरच्या गप्पा असोत की बंद पडलेले इंटरनेट, यादीत जे काम वर दिसेल ते निवडून माणसे मोकळी होत. केळशीकर मात्र दर शुक्रवारी टाइमशीट उघडत, तास भरत आणि कामाचा रकाना रिकामा ठेवत. नोंद स्वीकारली जात नसे. ते शांतपणे उठून जात. कोणतेही एक काम निवडा आणि विषय संपवा, असे शर्वाणीने दोनदा सांगून पाहिले. त्यांनी ऐकून घेतले, पण केले नाही.

तीन महिन्यांनी अहवाल निघाला. शर्वाणीचे पुढचे काम ठरल्यापेक्षा बऱ्याच कमी तासांत पुरे झाल्याचे त्यात दिसले. तिला बढती मिळाली. केळशीकरांच्या नावापुढे शून्य तास होते. मालकांनी त्यांना बोलावून, अत्यंत आदराने, निवृत्त व्हायला सांगितले.

ते खण आवरत असताना शर्वाणी तिथे गेली. तिचा राग त्यांच्यावरच होता. एक नाव निवडले असते तर ही वेळ आली नसती, असे ती म्हणाली.

केळशीकर थांबले. "कोणते नाव निवडायचे? हे तीन महिने मी बहुतेक वेळ तुझ्याशेजारी बसून होतो. तुझी चूक तुझी तुला सापडेपर्यंत थांबत होतो. ते तास तुझ्या कामाला जोडले असते, तर ते ठरल्याच्या दीडपट वेळ खाणारे दिसले असते आणि आज मालकांनी तुला बोलावले असते. दुसऱ्या कुणाच्या कामाला जोडणे म्हणजे खोटे लिहिणे. हे तास गेले कुठे, असे तू तरी एकदा विचारशील, असे मला वाटले होते. तू ते कसे भरायचे, एवढेच सांगत राहिलीस."

शर्वाणी तडक मालकांकडे गेली. दुसऱ्याला शिकवण्यात गेलेल्या वेळेसाठी यादीत एक जागा ठेवू या, अशी तिने विनंती केली. मालकांनी ती पूर्ण ऐकली. ग्राहकांना या प्रणालीत पळवाट नाही हेच तर आवडले आहे, ते म्हणाले. आणि अशा तासांतून काय निघाले, हे कोण तपासणार? ज्यांच्याशेजारी बसून याचे उत्तर तिला सापडले असते, ते तोवर फाटकावर आपले ओळखपत्र परत करत होते.

प्रणाली होती तशीच विकली गेली.

मोजमापाची चौकट आखणाऱ्याने तिच्याबाहेर कोण राहतो, हे आखतानाच पाहावे. नंतर ते नुसते दिसते.