ठशाच्या तोंडावरचं अक्षर

सातासमुद्रांपलीकडे, स्पेनच्या राजाने जिंकलेल्या मुलखात एक टांकसाळ होती, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या पोलादी ठशावर राजाच्या नावातलं एक अक्षर उलटं ठोकलेलं होतं. त्यामुळे त्याच्याखालून निघणारं प्रत्येक नाणं चुकीचं असायचं, आणि भट्टीत जायचं ते मात्र नाणंच.

तीनदा वितळून आलेलं एक चांदीचं नाणं शेवटी भडकलं. “आजोबा, अक्षर तुमचं उलटं आहे!”

“माझं?” ठसा गुरगुरला. “राजाचं नाव तोंडावर घेऊन बसलोय मी. हल्ली चांदीच हलकी येते. आमच्या वेळची नाणी असं तोंड वर करून बोलत नसत.”

“बोलायच्या आधीच वितळवत होतात ना त्यांना!”

तेवढ्यात तपासनीस ग्रेगोरिओने नाण्याला चिमट्यात धरलं. नाणं म्हणालं, “साहेब, मला खुशाल भट्टीत टाका. पण आधी या म्हाताऱ्याचं तोंड बघा. नाहीतर उद्या आपण पुन्हा इथेच भेटू.”

ग्रेगोरिओने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पोलाद महाग, ठसा टाकून देणं परवडेना. म्हणून त्याने उलट्या अक्षरावरच सुलटं अक्षर हातोड्याने ठोकलं. ठसा चांगलाच कळवळला.

नाणं वितळलं, पुन्हा छापलं गेलं. अक्षर आता नीट आलं होतं. ठसा लगेच फुशारला, “बघ, भट्टीत गेलंस म्हणून सुधारलंस!”

“भट्टी तर चारदा झाली, आजोबा,” नाणं म्हणालं. “सुधारणा झाली ती हातोडा तुमच्या तोंडावर पडल्यावर. माझ्या अक्षराखाली तुमचं उलटं अक्षर अजून दिसतंय. आता ते बाजारभर दाखवत फिरणार आहे मी.”