रुमालावरचं कुंकू

फार पूर्वी, परक्या पुरुषांत बाईचा हात धरायची मुभा फक्त कासाराला होती, त्या काळी एका गावात एक कासार राहत होता. गावातल्या सगळ्या नव्या नवऱ्या हिरवा चुडा भरायला त्याच्याकडे येत. चुडा भरून झाला की बापाच्या पडावं तशा त्याच्या पाया पडत. पण त्याआधी त्यांना एक गोष्ट ऐकावी लागे. ती न ऐकता कुणी सुटलेली नव्हती.

गोष्ट अशी. तीस वर्षांपूर्वी राज्याची राणी, तेव्हा तीही नवी नवरीच होती, गावच्या देवीला आली आणि तिने याच कासाराकडून चुडा भरला. भरताना तिने ज्या पांढऱ्या रुमालावर हात टेकवला होता, तो रुमाल कासाराने लाकडी चौकटीत ताणून भिंतीवर लावला होता. रुमालाच्या मधोमध चिंचोक्याएवढा एक डाग होता.

"हे राणीसाहेबांच्या हातावरचं कुंकू," कासार सांगे. "बारा बांगड्या भरल्या. एक म्हणून वाढली नाही."

त्या घरात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नसे. बांगडी वाढते.

गोष्टही वर्षागणिक वाढत गेली होती. पहिल्या वर्षी राणी नुसतं "बरं" म्हणाली होती. दहाव्या वर्षापर्यंत ती त्याला "कासारदादा" म्हणू लागली. विसाव्या वर्षी तिने त्याला राजवाड्यावर राहायलाच बोलावलं, आणि "मग गावच्या लेकींना चुडा कोण भरणार?" असं म्हणून त्याने नकार दिला. नव्या नवऱ्या जाताना रुमालाला हात लावून तो कपाळाला लावत.

मग कासाराच्या घरी सून आली. ती फार बोलत नसे. तिची आई गावोगाव फिरून बांगड्या भरायची, आणि देण्यासारखं एवढंच होतं म्हणून तिने लेकीला हातातलं सगळं कसब देऊन सासरी पाठवलं होतं. सासऱ्याचे डोळे आता अधू होत चालले होते, मुलगा माल आणायला बाजारोबाजार फिरे, म्हणून बांगड्यांची पेटी सुनेकडे आली. घरातले कपडे धुणंही तिच्याकडे आलं, ते काही न सांगताच.

पहिल्या आठवड्यात तिने चौकट झाडायला खाली काढली आणि डाग जवळून पाहिला. कुंकवाचा डाग वर्षं गेली की गुलाबी होतो, नाहीतर उडतो. हा मध्ये तपकिरी होता आणि कडेने काळपट. असे डाग बायकांना ओळखू येतात. ते त्या गार पाण्यात धुतात आणि दोरीवर मागच्या बाजूला वाळत घालतात. सुनेने पदराने चौकट पुसली आणि होती तिथे लावली.

एक दिवस पाटलांची लेक चुडा भरायला आली. सुनेने तिचा अंगठा आत दुमडला, पंजा दाबला आणि एकेक बांगडी सरकवू लागली. शेजारी सासऱ्याची गोष्ट सुरू होती.

"ते बघ, तिकडे भिंतीवर. त्याच रुमालावर राणीसाहेबांचा हात होता."

पाटलांची लेक बघायला वळली, तिच्याबरोबर तिचा हातही वळला, आणि काच कडकन गेली. नवरीच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला.

"अगं बाई, लग्नाच्या आधीच," पाटलीणबाई म्हणाल्या.

कासार ताडकन उठला. "माझ्या घरात? राणीचा चुडा भरलेल्या घरात?" त्याने रुमालाकडे बोट केलं. "तिथे बघ, सूनबाई. बारा बांगड्या. एक वाढली नाही. आजपासून पेटीला हात लावायचा नाही."

गोष्टीमुळे नवरीचा हात हलला, हे सुनेला सांगता आलं असतं. ती "बरं, मामंजी" म्हणाली आणि आत जाऊन तांदूळ निवडायला बसली.

विहिरीवर बायकांना विषय मिळाला. "हिच्याकडून भांडीच घासून घ्या हो, काचेचं काही देऊ नका." सून घागर भरून परत येई. तिची बोटं मात्र आपोआप घागरीच्या काठावरून फिरत, माप घेतल्यासारखी.

पुढे दोन महिन्यांनी दवंडी आली. राणी देवीच्या दर्शनाला येणार होती, आणि गावच्या कासाराकडून तिला बांगड्या भरायच्या होत्या.

गावाला कासाराचं कोण कौतुक. "आता बघा, नावाने हाक मारतील," कासार ज्याला त्याला सांगत होता. त्याने चौकटीतून रुमाल काढला आणि तांब्याच्या ताटात ठेवला. तो बरोबर नेण्यात काही चुकतंय असं त्याला वाटलंच नाही. खोटं इतक्या वेळा सांगून झालं होतं, की त्या डागात आता त्यालाही कुंकूच दिसत होतं.

राणी देवळाच्या ओवरीत बसली होती. केस पांढरे होऊ लागलेले, नजर शांत. सगळं गाव भोवती जमलं होतं. कासार ताट घेऊन पुढे झाला.

"राणीसाहेब, ओळखलंत का?"

राणीने त्याच्याकडे पाहिलं. तिला चेहरा आठवत नाही हे सगळ्यांना दिसलं, एका कासाराला सोडून.

"आपलाच रुमाल," तो म्हणाला. "तीस वर्षं जपलाय. हे आपल्या हातावरचं कुंकू."

राणी डागाकडे बघत राहिली. मग तिने डावा हात पदराखालून काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. मनगटावर आतल्या बाजूने, तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी खूण होती.

कासाराला ती दिसली. आणि तीस वर्षं न आठवलेलं त्याला एकदम आठवलं. तो ऐन तारुण्यातला कासार. पाहा, मी कुणाचा हात धरलाय, म्हणून दाराकडच्या गर्दीकडे वळवलेली मान. काच तुटल्याचा आवाज. आणि सोळा वर्षांची एक मुलगी, मनगटावर रुमाल दाबून, दारातल्या शिपायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणत होती, "छान भरल्या हो."

ओवरीत सगळे त्याच्याकडे बघत होते. एका वाक्यात सांगून होण्यासारखं होतं. त्याने ताटातल्या रुमालाची कड सरळ केली.

राणीने हात पुन्हा पदराखाली घेतला. मग म्हणाली, "हो, कुंकूच. त्या दिवशी जरा जास्तच लावलं होतं."

बायका हसल्या. कासारही हसला. तीस वर्षांत दुसऱ्यांदा तो तिच्या पदराआड लपला.

त्याने तिचा हात हातात घेतला, पण नजर त्या खुणेवरून हलेना. बांगडी अंगठ्यापाशीच अडली.

"तुमच्या घरी आणखी कोणी भरतं का?" राणीने विचारलं.

"सून भरायची," पाटलीणबाई पुढे होऊन म्हणाल्या. "पण तिच्या हातून वाढते. आमच्या मुलीची वाढवली."

"मग तिलाच बोलवा," राणी म्हणाली. "एकदा वाढली की माणूस जपून भरायला लागतं. निदान लागायला हवं."

हे शेवटचं तिने कुणाकडेही न बघता म्हटलं. कासाराचे कान तापले.

सून आली, पदर खोचून बसली. गर्दीकडे तिने पाहिलंच नाही. बांगड्या एकामागून एक अशा चढल्या, की राणीलाही किती झाल्या ते कळलं नाही. मध्येच सून थांबली.

"आईसाहेब, इथे जुनी खूण आहे. काच घासेल. जरा वर सरकवू?"

"सरकव," राणी म्हणाली.

सुनेने खुणेकडे पाहिलं, ताटातल्या रुमालाकडे पाहिलं, आणि पुढची बांगडी घेतली. सासऱ्याकडे तिने पाहिलं नाही. तिने पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं कासाराला वाटलं.

राणी गेली. गाव कासाराभोवती गोळा झालं. पाटील म्हणाले, "असला रुमाल घराच्या भिंतीवर नको. उद्या देवळात ठेवू, देवीच्या पायाशी."

कासार घरी येऊन ओट्यावर बसला. जेवायला हाक मारली तरी उठला नाही. सून बाहेर आली.

"मामंजी, देवळात ठेवायचा तर रुमाल धुवून देऊ का?"

"डाग जायचा नाही आता."

"माहीत आहे," सून म्हणाली. "रक्ताचा जुना झाला की जात नाही."

डब्यातलं मीठ संपलंय म्हणून सांगावं तसं तिने सांगितलं आणि ती पोळ्या लाटायला आत गेली. ज्या पोरीला आपण चारचौघांत बोललो, तिला आधीपासूनच सगळं माहीत होतं, आणि विहिरीवरचे टोमणे ऐकूनही तिने ते तोंडाबाहेर काढलं नव्हतं. कासाराला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी देवळात सगळे जमले, तेव्हा तो रुमाल हातात घट्ट धरून उभा राहिला.

"हा इथे ठेवू नका. हे कुंकू नाही. माझ्या हातून राणीसाहेबांची बांगडी वाढली. हाताकडे बघायचं सोडून मी गर्दीकडे बघत होतो. त्यांनी ते झाकलं, काल पुन्हा झाकलं, आणि मी काल पुन्हा गप्प बसलो. सूनबाईची वाढली ती माझ्या बडबडीमुळे. पेटी तिची आहे."

ज्या ज्या बायकांनी तो डाग कपाळाला लावला होता, त्यांचे हात नकळत कपाळाकडे गेले. मग कुणीतरी मागून हसलं. त्यानंतर बरीच वर्षं गावात कुणी फुशारकी मारली, की लोक विचारत, "खरंच का, की कासाराचं कुंकू?" ते कासाराच्याही कानावर पडे. तो मान खाली घालून पुढे जाई.

पेटी सुनेकडे परत आली. नव्या नवऱ्या अजूनही राणीची गोष्ट विचारत, आणि शेजारी बसलेला कासार ती सांगे. आता ती अगदी लहान झाली होती, दोन बांगड्या चढेपर्यंत संपायची. "छान भरल्या हो," हे शब्द मात्र तो दर वेळी सुनेच्या हातांकडे बघत म्हणायचा.

रुमाल सुनेने पेटीच्या तळाशी ठेवला होता. कधी कुणाला काच लागलीच, तर दाबायला.

तात्पर्य एवढंच: थोरांची भेट मिरवताना आपण त्यांच्या किती जवळ होतो ते सांगतो, त्यांनी आपलं काय झाकून घेतलं ते सांगत नाही. आणि सांगण्याजोगं खरं तर तेच असतं.