मूळशास्त्र्याच्या वहाणा

एकदा एक वृद्ध आचार्य होते. त्यांचा एक शिष्य वृक्षांच्या मुळांचा एवढा मोठा पंडित झाला की, तो येताना दिसला तर मुळे नमस्काराला जमिनीवर येत, असे लोक सांगत. फांदीकडे मात्र त्याने बारा वर्षांत मान वर करून पाहिले नव्हते. तो त्याचा विषय नव्हता.

एका व्यापाऱ्याचा आंबा मोहरत नव्हता, म्हणून त्याने या मूळशास्त्र्याला नेमले. शिष्य रोज पहाटे दहा घागरी पाणी घाली आणि घरी जाई. दुसऱ्या दिवशी पाहावे तर आळे कोरडे. त्याने घागरी वीस केल्या, आणि या मुळांच्या अलौकिक तृष्णेवर ग्रंथही लिहिला. तीन वर्षे गेली. मोहर काही येईना.

शेवटी व्यापारी म्हणाला, "शास्त्रीबुवा, यंदा मोहर आला नाही तर हे झाड होळीत जाईल. वर तुमची पंडिताची शालही ठेवीन म्हणतो."

शिष्य धावत आचार्यांकडे गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे आचार्य त्याच्याबरोबर आले. पाणी घालून होताच त्यांनी शिष्याच्या काढून ठेवलेल्या वहाणा काखोटीला मारल्या आणि ते चालू लागले. परतीची वाट सगळी बाभळीच्या काट्यांची. बिचारा झाडाखालीच बसून राहिला.

दुपारी खांद्यावर कुदळ टाकून एक गृहस्थ आले. मोहरशास्त्रातले हे थोर नाव; व्यापाऱ्याने त्यांनाही नेमले होते. मोहर हवा तर आंब्याला आधी तहानलेले ठेवावे, हे त्यांचे शास्त्र. त्यांनी चर खणला, आळ्यातले पाणी बाहेर काढले आणि चर पुन्हा नीट बुजवला.

"अहो, हे काय चाललंय?" शिष्याने विचारले.

"रोजचंच. या झाडाखाली गुप्त झरा आहे. तीन वर्षं उपसतोय, आटत नाही. ग्रंथ लिहिलाय मी त्यावर."

शिष्य पडेल आवाजात म्हणाला, "तो झरा मी आहे."

सायंकाळी आचार्य वहाणा घेऊन परतले, तेव्हा दोघे पंडित खाली मान घालून शेजारी बसले होते.

"तुझी विद्या खरी, यांचीही खरी," आचार्य शिष्याला म्हणाले. "पण तुझा विषय जमिनीपाशी संपतो रे, झाड तिथे संपत नाही. आपले काम झाले की जाणत्याने घटकाभर तिथेच थांबावे. आपल्यामागून कोण येतो, ते पाहावे."

शिष्याने मोहरशास्त्र्यांना विचारले, "पाणी कधी बंद करू?"

"आजपासून. कैरी धरली की मात्र तुम्ही म्हणाल तसं."

त्या वर्षी इतके आंबे लागले की फांद्यांखाली उशा द्याव्या लागल्या. पहिला आंबा कोणत्या शास्त्रात मोडतो, यावर दोघांचा वाद जुंपला. तोवर आचार्यांनी तो चोखून संपवला आणि कोय पुढे केली. "ही लावा. खड्डा मात्र एकच खणा."

मोहरशास्त्र्यांनी कुदळ चालवली, कोय पुरली. शिष्य भरलेली घागर घेऊन शेजारी उभा होता.

"घालू आता?" त्याने विचारले.